बशीर बेताब देहलवी, मुक्काम कामठी

माणूस मेला की त्याचा आवाज एकदम गोड होतो. परवा चहाच्या टपरीवर एकजण बशीर बेताबबद्दल गळा काढून बोलून राहिला होता. काय आवाज होता, काय फनकार होता, आता तशी माणसं नाहीत. मी म्हटलं, बाबा रे, तू ऐकलंस का कधी त्याला? नाही ना? मी ऐकलं. माझं लाऊडस्पीकरचं दुकान होतं, गांधीबागेत, कापडाच्या ठोक दुकानांच्या मागच्या बोळात. साठ सालानंतर नागपुरात कव्वालीचा कार्यक्रम म्हटला की भोंगे, मशीन, माइक बहुतेक माझेच असायचे. मशीनपाशी बसून मी त्या माणसाचं सगळं आयुष्य ऐकलं आहे. आवाज बरा होता. बरा म्हणजे नुसता बरा. बाकी सगळा थाट.

नावापासूनच थाट. बशीर बेताब देहलवी. दिल्ली यानं जन्मात पाहिली नव्हती. रेल्वेनं फार तर इटारसीपर्यंत गेला असेल, तोही कोणाच्या वरातीत. पणजोबा म्हणे दिल्लीच्या दरबारात गायचे आणि खूश होऊन बादशहानं त्यांना घोडा दिला होता. प्रत्येक कार्यक्रमात त्या घोड्याचा रंग बदलायचा. खरी गोष्ट अशी, की बशीर कामठीचा. बाप पिंजारी, आजा पिंजारी. कापूस पिंजून गाद्या भरणं हा घरचा धंदा. आता यात लाज वाटण्यासारखं काय आहे? पिंजाऱ्याच्या धनुकलीच्या तारेतून जो सूर निघतो, तो याच्या सरगमपेक्षा कितीतरी सच्चा. पण नाही. याला दिल्लीच पाहिजे.

एकदा मोमीनपुऱ्यात एका लग्नात हा दरबाराची गोष्ट रंगवून सांगत होता. घोडा त्या दिवशी पांढरा होता. तेवढ्यात बायकांच्या पडद्यामागून खणखणीत आवाज आला, "ए बशीर! दरबार रहने दे तेरा. मेरे गादी की रुई ले के गया, गादी कब देता?" सगळा मंडप हसला. ती याची सख्खी मावशी. दुसरा कोणी असता तर जमिनीत गेला असता. यानं छातीवर हात ठेवला आणि माइकमध्ये म्हणाला, "हमारी खाला जरा जज्बाती हैं." आणि पेटीवर सूर धरला. निर्लज्जपणाही एक कला आहे, आणि त्या कलेत तो खरंच उस्ताद होता.

बोलणं दोन प्रकारचं. चारचौघांत तोंडात लखनौ: हुजूर, नवाजिश, जर्रानवाजी. राग आला की थेट कामठी. "वामनभाऊ, तुले अक्कल आहे का बे? भोंगा माझ्याच तोंडाकडे काहून केला? मले माहाच आवाज ऐकू येऊन राहिला!" मी म्हणायचो, "मग लोकांवर काय बेतत असेल ते कळलं ना उस्ताद?" यावर तो आठ दिवस बोलायचा नाही, आणि नवव्या दिवशी दुकानात येऊन माझ्याच पैशानं चहा प्यायचा.

दिसायला ठेंगणा. डोळ्यांत सुरमा, केसांना मेंदी, अंगात कायम मखमली अचकन, मे महिन्यातसुद्धा. आणि पंखा चालायचा नाही! नागपूरचा मे, मंडपात माणसं शिजून राहिली आहेत, बायका पदरानं वारा घेताहेत, आणि हा आल्या आल्या फर्मान सोडणार, "पंखे बंद करो." तर म्हणे वाऱ्यानं गळा बसतो. तोंडात ज्येष्ठमधाचा तुकडा, गळ्याभोवती मफलर. एकदा एका म्हाताऱ्यानं स्वतः उठून पंख्याचं बटण दाबलं. यानं गाणं थांबवलं. "चचा, कव्वाली सुनोगे या हवा खाओगे?" चचा म्हणाले, "हवा," आणि पंख्याखाली बैठक मारून बसले. मला इतका आनंद झाला, की मी मशीनचा आवाज थोडा कमीच केला.

गाणी स्वतःच लिहायचा. लिहायचा म्हणजे काय, एकच लिहिलं होतं, ते सगळीकडे चालवायचा. 'खडा हूँ धूप में बाबा, जरा सी छाँव दे देना.' चौथीतला पोट्टाही याहून बरं जुळवेल. पण यात त्याची हुशारी अशी की 'बाबा' हा शब्द कुठंही चालतो. दर्ग्यात गायला तर दर्ग्यातले बाबा. आमच्या वस्तीत जयंतीला गायला तर आमचे बाबा. एका शेटजीच्या वडिलांच्या साठीला गायला, तिथेही बाबा. आमच्या घरानं छप्पन साली धम्म घेतला, त्यामुळे दरवर्षी एप्रिलात वस्तीत कव्वालीचा मुकाबला असायचा आणि हा हमखास असायचा. एका वर्षी रंगात आला आणि पुढचं कडवं बदलायचं विसरला. 'चढाऊँ फूल की चादर' असं चांगलं दोनदा गायला. पहिल्या रांगेत माझी आत्या बसली होती. ती मोठ्यानं म्हणाली, "कोणती चादर गा? आमच्यात चादर नसते. नीट म्हण!" वर मान न करता यानं पुढच्याच दमात गायलं, 'जलाऊँ ज्ञान की ज्योती.' टाळ्या पडल्या. आत्यासुद्धा टाळ्या वाजवून राहिली होती. मी कपाळाला हात लावला.

पण या सगळ्यावर कडी म्हणजे लतीफ पैलवान. लतीफ कोण ते सांगायच्या आधी कव्वालीतला एक कायदा सांगायला पाहिजे. ऐकणाऱ्याला एखाद्या ओळीवर हाल आला, म्हणजे त्याचं भान गेलं, तो रडायला, डोलायला, गरगर फिरायला लागला, तर गाणाऱ्यानं ती ओळ सोडायची नाही. तीच ओळ पुन्हा पुन्हा गात राहायची, तो स्वतःहून भानावर येईपर्यंत. ओळ मध्येच सोडली तर त्याचा जीव अधांतरी लटकतो, माणूस जातोसुद्धा, असं जुने लोक मानतात. आमच्या घरातून अंगात येणं, नवस, उतारे सगळं केव्हाच बाहेर गेलं होतं, त्यामुळे हाल वगैरे मला पटायचं नाही. आजही पटत नाही. पण ज्यांना पटतं त्यांच्यासाठी ती फार मोठी गोष्ट. ज्याच्या गाण्यावर हाल येतो तो खरा कव्वाल.

बशीरच्या गाण्यावर कोणालाच काही यायचं नाही. जांभई यायची. मग यानं माणूस ठेवला. लतीफ पैलवान. पैलवान नावालाच, उभा राहिला की विजार घसरायची. त्याचं काम एवढंच, की बशीरनं खांद्यावरचा रुमाल मांडीवर टाकला की 'हाय!' करून उठायचं, फिरायचं, पडायचं, आणि रुमाल परत खांद्यावर गेला की शुद्धीवर यायचं. मोबदला म्हणजे प्रवास आणि बिर्याणी. सगळ्या नागपूरला ठाऊक होतं. पोट्टे तर रुमालाकडेच बघत बसायचे. एकदा नरखेडकडे एका संत्रावाल्या पाटलाच्या बागेत कार्यक्रम होता. रुमाल पडला तेव्हा लतीफ तोंड भरून संत्र खात होता. तसाच उठला, ठसका लागला, आणि फिरत फिरत माझ्या मशीनवर येऊन आडवा झाला. भोंगे बंद. पाटील म्हणाले, "यायले खरंच झटका आला काय हो?" मी म्हटलं, "मशीनले आला."

आणि मग तो चाँदबीचा मुकाबला. चाँदबी काटोलकडची कव्वालीण. जाडजूड बाई, बिडी ओढून आवाज खरखरीत झालेला, पण गायला लागली की बोलणं बंद. एका जलशात तिची पाळी चालली होती, आणि लतीफ उठला! बशीरचा रुमाल खांद्यावरच होता. लतीफ रडत होता, छाती पिटत होता, आणि बशीर डोळे वटारून त्याला बसायच्या खुणा करत होता. नंतर मंडपामागे यानं त्याची गचांडी धरली. "नमकहराम! बिर्याणी माही खातो अन् पडतो तिच्या गाण्यावर?" लतीफ खाली मान घालून म्हणाला, "काय करू उस्ताद, ती चांगलं गाऊन राहिली होती." मी हसून हसून खाली बसलो. बशीर हसला नाही. त्याचा चेहरा असा झाला, जणू कोणी थोबाडीत दिली असावी. त्यानंतर बरेच दिवस तो दुकानात चहा प्यायला आला नाही.

या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट पाहिजे होती. शहराबाहेरच्या दर्ग्यातल्या उरुसात पहिली चौकी. कव्वालांची एक पार्टी बसून गाते त्या पाळीला चौकी म्हणतात. उरुसाच्या शेवटच्या दिवशी दुपारी जी मैफल होते तिची पहिली चौकी पिढ्यान्‌पिढ्या एका बाहेरगावच्या घराण्याकडे होती. तिथं गायला तो खानदानी, त्याला कोणी पुन्हा बाप विचारत नाही. बशीरला दरवर्षी पाळी मिळायची ती लोक जेवायला उठल्यावर. समोर रिकाम्या सतरंज्या आणि दोन कुत्री. तरी तो गायचा, आणि दरवर्षी दर्ग्यातल्या बड्या मियाँना जाऊन विनवायचा. बडे मियाँ पांढऱ्या दाढीचे, कमी बोलणारे गृहस्थ. कोणती चौकी कोणाची ते तेच ठरवायचे. ते एवढंच म्हणायचे, "देखेंगे."

त्या एका चौकीसाठी यानं एक चीज तयार केली होती. स्वतःची नव्हे, जुनी, फारसी, कोण्या म्हाताऱ्या उस्तादाच्या पाया पडून शिकलेली. ती तो कुठंच गायचा नाही. एकदा भर दुपारी दुकानात कोणी नव्हतं, तेव्हा मला त्यानं ती हळू आवाजात ऐकवली. आता खरं सांगायचं तर ती चांगली होती. फार चांगली होती. मला त्याचा रागच आला. मी म्हटलं, "अरे भैताडा, हे येतं तर तू ते धूप-छाँव काय लावून बसतो जिथं तिथं?" तो म्हणाला, "हे तिथंच गाईन. पयल्या चौकीले."

आणीबाणी उठल्यानंतरच्या उन्हाळ्यात त्याला ती मिळाली. त्या घराण्यातले लोक यायचे होते ती गाडी कुठंतरी अडकली. दुपार झाली, मैफल भरली, आणि बडे मियाँ म्हणाले, "बशीर को बिठाओ." मी माइक लावत होतो. बशीर माझ्याजवळ आला. अचकन नव्हती, साधा कुर्ता होता. पंख्यांबद्दल अवाक्षर नाही. मी विचारलं, "लतीफ कुठं बसवला?" म्हणाला, "त्याले भाईर ठेवला. फाटकाजवळ चहा पीत बस म्हटलं, अंदर पाय टाकू नको. आज खरं गाणं आहे."

पद्धत अशी की मोठी चीज घ्यायच्या आधी गळा तापवायला काहीतरी साधं गायचं. यानं आपलं तेच धूप-छाँव घेतलं. पहिली ओळ गायला, दुसऱ्यांदा गायला, आणि मागून कोणीतरी ओरडलं.

एक खेडूत होता. बसमधून उतरून सरळ आलेला, टायरच्या चपला, बगलेत पिशवी. तो उभा राहिला, पिशवी खाली पडली, आणि तो रडायला लागला. असं रडणं मी मयतीतही ऐकलं नाही. दोन्ही हात वर करून तो जागच्या जागी डोलत होता आणि 'छाँव, छाँव' एवढंच म्हणत होता. कोणाला हाल आला की सगळ्यांनी उभं राहायचं, हाही कायदाच; त्याप्रमाणे मंडपातले लोक उभे राहिले खरे, पण पुढच्याच क्षणाला खसखस पिकली. "वा उस्ताद, इथंही आणला का?" "नवा ठेवला वाटते!" "रुमाल कुठं गेला?" पोट्टे हसून राहिले होते. बड्या मियाँचा चेहरा दगडासारखा झाला. दर्ग्यात, उरुसात, पहिल्या चौकीला भाड्याचा हाल! याहून मोठी बेअदबी काय असणार?

मला खरी गोष्ट ठाऊक होती. मी माइक सोडून धावलो, फाटकाजवळून लतीफला बखोटीला धरून आत आणलं, हातात कपबशी तशीच. ओरडून सांगितलं, "हा पाहा लतीफ! हा भाईर होता!" लोक म्हणाले, "म्हणजे दुसरा आणला." झालं! यावर काय बोलणार?

बशीरला सगळं ऐकू येत होतं. सुटका अगदी सोपी होती. ती ओळ टाकायची आणि फारसी चीज सुरू करायची. खेडूत पडला असता तर पडला असता. लोकांना पटलं असतं की तो याचा माणूस नाही; आपल्याच माणसाचा तमाशा कोण अर्ध्यात मोडतो? चौकीची वेळ संपत होती. मी समोरून दोन्ही हातांनी खुणा केल्या, सोड, पुढं जा, सोड ना लेका! त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. 'खडा हूँ धूप में बाबा.' पुन्हा. 'जरा सी छाँव दे देना.' पुन्हा. टाळीवाले थकले, तबलेवाल्यानं हात बदलून पाहिले. लोक हसायचे थांबले, मग कंटाळले, काहीजण निघून गेले. आवाज आधी बसला, मग चिरला, शेवटी नुसता हवेसारखा फरफर यायला लागला. मी मशीनचा आवाज वाढवत नेला, तरी भोंग्यातून घरघरच ऐकू यायची. ती घरघरसुद्धा सुरात होती, हे मला कबूल करावं लागतं.

मग खेडूत खाली बसला. पाणी मागितलं, प्यायला, तोंड पुसलं. इकडं तिकडं पाहून पिशवी उचलली आणि बाजूच्याला विचारलं, "नरखेडची गाडी कवा हाय जी?" आणि गेला. गाणाऱ्याकडे त्यानं ढुंकून पाहिलं नाही.

चौकी संपली होती. बडे मियाँ येऊन म्हणाले, "बशीर मियाँ, अगले साल से तकलीफ मत करना." बशीरनं तोंड उघडलं. काहीतरी सांगणार होता. आवाजच निघाला नाही. ओठ हलले, बस. लोकांना वाटलं, बोलायला तोंड नाही म्हणून गप्प आहे.

पुढं बोलण्यापुरतं काही फुटलं, पण गाण्याचा आवाज परत आला नाही. डॉक्टर झाले, हकीम झाले, ज्येष्ठमधाच्या पोत्यानंही काही झालं नसतं. पार्टी फुटली. मी चिडलो होतो त्याच्यावर, अजूनही चिडतो. जन्मभर खोटं बोलून निभावलं, आणि जिथं खऱ्यानं गळा कापला जाणार हे दिसत होतं, तिथं याला खरेपणा सुचला. याला काय म्हणावं?

त्यानंतर काही वर्षांनी, ऐंशीच्या पुढं, हुडकेश्वरकडे एका प्लॉटवाल्यानं नव्या लेआऊटवर कव्वाली ठेवली. संध्याकाळचं ऊन होतं, मी माइक लावून राहिलो होतो. कार्यक्रम चाँदबीचा. तिच्या पार्टीत मागच्या रांगेत टाळी द्यायला बसलेला म्हातारा ओळखीचा वाटला. मेंदी नाही, सुरमा नाही. मी जवळ गेलो. "काय उस्ताद, देहलवी?"

हसला. आवाज कसा, सुपात दाणे पाखडावे तसा. "कामठीवाला म्हण गा."

इतकी वर्षं माझ्या पोटात होतं ते मी विचारलं. "त्या दिवशी काहून नाही सोडली ती ओळ? ती फारसी चीज गायला असता तर आज कुठं असता! का तुलाही वाटलं, तो मरेल म्हणून?"

"मरतो का वाचतो, मले काय मालूम," तो म्हणाला. "मी कुठं मानत होतो वामनभाऊ ते सगळं? मानलं असतं तर लतीफ ठेवला असता का?"

"मग?"

त्यानं तळहात एकमेकांवर चोळले. "जन्मभर लोकायले पाडलं मी. बिर्याणी देऊन पाडलं. त्या दिवशी पयल्यांदा कोणी माह्या गाण्यानं हालात गेला, माह्या भिकार ओळीवर गेला. त्याले तिथंच टाकून मी फुडं जाऊ? कोणाले ऐकवाले?"

 चाँदबीनं पेटीवर सूर धरला, तसा तो सावरून बसला आणि टाळी द्यायला लागला. चाँदबीसमोर माइक होता, पेटीसमोर होता, तबल्यासमोर होता. मागच्या रांगेतल्या टाळीवाल्यासमोर कोणी माइक लावतं का? निव्वळ भैताडपणा. मी पेटीसमोरचा काढला आणि त्याच्यासमोर नेऊन लावला.